कोचीच्या वखारीतला समुद्र

डिसेंबर २०१६ मध्ये कोचीला जायचे ठरले तेव्हा घरात दोन मते होती. मोठ्या लेकीला चित्रांचे वेड, तिला बिएनाले पाहायचे होते. अम्मींचे म्हणणे होते की नोटाबंदीचे दिवस, बँकेत रांगा लावून हाती दोन पैसे येतात, ते असल्या चित्रविचित्र गोष्टींवर कशाला उधळायचे? शेवटी आम्ही चार दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि अम्मींना घेऊन सगळेच निघालो. पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला उतरलो.

बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन. कोचीतले पहिले १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाले. ते उभे करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघे चित्रकार मूळचे केरळचे, पण शिकले मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्या वर्षीच्या तिसऱ्या प्रदर्शनाची मांडणी मुंबईचे सुदर्शन शेट्टी यांनी केली होती. ते १०८ दिवसांचे होते आणि २९ मार्च २०१७ पर्यंत चालले.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला बोटीने जाता येते. धक्क्यापासून थोडे चालले की अ‍ॅस्पिनवॉल हाउस लागते. एका इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ मध्ये उभारलेली ही पेढी. येथून मिरी, कॉफी, काथ्या परदेशी जात असे. कौलारू छपरे, जाड भिंती आणि खिडकीतून दिसणारे पाणी. त्याच वखारींत प्रदर्शन भरले होते. फ्रेममध्ये लावलेली सुंदर चित्रे पाहायला मिळतील या अपेक्षेने कुणी गेले तर गोंधळून जाईल. आमचेही तेच झाले.

आवारात शिरताच शेण-माती आणि बांबूचा एक भला मोठा पिरॅमिड दिसला. अम्मी म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन शेणाचा ढीग बघायचा?" धाकटा तर खदखदून हसला. पण आत वाकून शिरलो आणि हसू थांबले. आत काळोख. कबरीत असेल तसा काळोख, असे अम्मी पुटपुटल्या. हाताने भिंत चाचपत पुढे जायचे आणि वेगवेगळ्या भाषांत कविता वाचणारे आवाज ऐकायचे. स्लोव्हेनियाचे कवी अलेश श्तेगर यांनी हा पिरॅमिड मायदेशातून हाकलल्या गेलेल्या कवींसाठी उभारला होता. रोमचा ओव्हिड, फ्लॉरेन्सचा दान्ते आणि पॅलेस्टाइनचे महमूद दरवेश हे त्यांतले. दरवेश यांचे जन्मगाव १९४८ मध्ये उद्ध्वस्त झाले होते. रंगूनला दफन झालेले आपले बहादूरशहा जफर त्यांत नव्हते, पण त्या अंधारात आम्हाला आठवले तेच. उर्दू शिकवणाऱ्याचे हे असेच होते.

बाहेर आल्यावर धाकट्याने एक गंमत शोधली. अर्जेंटिनाचे लेखक सर्खियो चेहफेक यांच्या कादंबरीचे तुकडे गावातल्या भिंतींवर रंगवले होते. एक तुकडा इथे, तर दुसरा पुढच्या गल्लीत. पुस्तक वाचायचे तर पाय दुखेपर्यंत चालायचे. वर्गात धडा वाचायला कंटाळणारा आमचा मुलगा पुढचा तुकडा कुठे आहे हे चहावाल्याला विचारत फिरत होता.

आणि मग ते दालन आले, ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला बसलो आहोत.

दारातच चपला काढायच्या होत्या. आत एक लांबलचक रिकामी वखार आणि तिच्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समुद्राचे पाणी. पाण्यात उतरून समोरच्या भिंतीपर्यंत चालत जायचे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लहान लहान प्रश्न लिहिलेले. बाकी काही नाही. दालनाचे नाव 'वेदनेचा समुद्र'.

अम्मी दारातच थबकल्या. म्हणाल्या, "तुम्ही जा. मी खारट पाण्यात उतरत नाही." आम्हाला कारण ठाऊक होते, म्हणून आग्रह केला नाही. पण धाकट्याने त्यांचा हात धरला. "दादी, थोडंसंच आहे पाणी. मी आहे ना." सलवार वर धरून त्या उतरल्या. पोटऱ्यांना पाणी लागले तसा सगळ्यांचा आवाज बंद झाला. इतकी माणसे आत असून फक्त पाणी कापल्याचा आवाज येत होता.

शेवटच्या भिंतीवरचा मजकूर लेकीने हळू आवाजात मराठीत सांगितला. तो एका मुलासाठी होता. गालिब कुर्दी त्याचे नाव.

वाचकांना २ सप्टेंबर २०१५ चा दिवस आठवत असेल. सीरियातल्या कोबानी गावचे एक कुटुंब तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून छोट्या बोटीने ग्रीसच्या बेटाकडे निघाले होते. बोट उलटली. लाल शर्ट, निळी विजार घातलेल्या अलानचा वाळूत पालथा पडलेला देह साऱ्या जगाने पाहिला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो फोटो पाहून मुलांना जवळ ओढले असेल. पण अलान एकटा नव्हता. त्याची आई रेहाना बुडाली आणि पाच वर्षांचा भाऊ गालिबही. वडील अब्दुल्ला तेवढे वाचले. गालिबचा तसा फोटो जगापुढे आला नाही, म्हणून जगाला तो ठाऊक नाही. गालिब या शब्दाचा अर्थ विजयी. रोज ज्या शायराचे नाव आम्ही वर्गात घेतो, तेच नाव या मुलाचे होते आणि ते आम्हाला सव्वा वर्ष माहीत नव्हते.

हे दालन चिलीचे कवी राउल सुरिता यांनी घडवले होते. १९७३ मध्ये त्यांच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तरुण सुरितांना पकडून जहाजाच्या तळात कोंडले होते. पुढे त्या राजवटीने कित्येक विरोधकांचे मृतदेह हेलिकॉप्टरमधून समुद्रात फेकले. त्यांच्या कबरी नाहीत. समुद्रात गेलेल्या परक्या मुलाला या माणसाने आपले का मानले, ते यावरून कळते.

आम्ही मागे वळून पाहिले तर अम्मी पाण्यात उभ्या राहून दुआसाठी हात उचलून होत्या.

आमच्या नानीचा, म्हणजे अम्मींच्या आईचा, धाकटा भाऊ मुंबईत नोकरीला होता. १७ जुलै १९४७ ची सकाळ. रमजान दोन-तीन दिवसांवर आलेला. गावी जायला तो भाऊच्या धक्क्यावर 'रामदास' बोटीत चढला. रेवसला जाणारी ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्याचा देह मिळालाच नाही. त्या काळी आमच्या घरांत फोटो काढून घेत नसत, त्यामुळे फोटोही नाही. जनाजा नाही, कबर नाही. बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा असतो एवढ्या आधारावर नानीने पुढची वर्षे काढली. त्या समुद्रात तिने पुन्हा कधी पाय घातला नाही आणि लेकीलाही घालू दिला नाही.

बाहेर येऊन पायरीवर पाय पुसत बसलो तेव्हा लेकीने विचारले, "दादी, त्यांचं नाव काय होतं?"

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की आम्हालाही ते ठाऊक नाही. घरात सगळे 'रामदासवाले मामू' असेच म्हणत. ज्या बोटीने त्याला बुडवले, तिच्याच नावाने आम्ही त्याला सत्तर वर्षे ओळखत होतो! अम्मींनी क्षणभर डोळे मिटले आणि नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. मग त्याला आंबोशी आवडायची आणि शीळ घालतो म्हणून तो मार खायचा, हेही सांगितले. हे त्यांनी आईकडून ऐकले होते. आजवर कुणी विचारले नव्हते, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

परतीच्या गाडीत अम्मी म्हणाल्या, "त्या शेणाच्या ढिगाला मी नावं ठेवली, पण या लोकांना काहीतरी कळतं." आम्हाला वाटते, विचित्र दिसणाऱ्या सगळ्याच कलाकृतींत असे काही असेल असे नाही. त्या दिवशी पाहिलेल्या निम्म्या गोष्टी आमच्या डोक्यावरून गेल्या. पण वर्तमानपत्रातला फोटो पाहून आपण पान उलटतो. इथे पान उलटता येत नाही. पाण्यातून चालत जावे लागते आणि चालत परत यावे लागते.

घरी आल्यावर कपाटातली शजऱ्याची वही काढली. नानीच्या वडिलांच्या नावाखाली तिच्या थोरल्या भावांची नावे होती, कारण त्यांचा वंश पुढे चालला. धाकट्याच्या जागी काहीच नव्हते. लेकीने तिथे त्याचे नाव उर्दूत लिहिले आणि खाली मराठीत तारीख घातली. शाई वाळेपर्यंत अम्मी वहीजवळ बसून होत्या.