देणारीचं दुखणं

आपल्याकडे कुणी बाईनं मूत्रपिंड दिलं, की चार दिवस तिचं तोंडभर कौतुक होतं. पाचव्या दिवशी तिलाच विचारतात, "आता काय, बरी आहेस ना? तुला कुठं आजार होता?" खरंच, आजार नव्हताच. धडधाकट बाई आपल्या पायांनी रुग्णालयात जाते आणि पोट धरून, वाकून चालत घरी येते. उलट ज्याला मूत्रपिंड मिळतं, त्याची कित्येक महिन्यांची मळमळ, सूज, थकवा ओसरू लागतो, चेहऱ्यावर तरतरी येते. एकाच आठवड्यात एक जण वर चढत असतो आणि दुसरी खाली उतरत असते. घरच्यांचं सगळं लक्ष मात्र चढणाऱ्याकडे!

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाला मूत्रपिंड दिलं. दिलं ते आनंदानं, आजही आनंदच आहे. पण आनंद असला म्हणून दुखायचं थोडंच राहतं? माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. १९९५ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ही पद्धत दात्यासाठी प्रथम वापरली गेली. त्याआधी कुशीत भला मोठा छेद घ्यावा लागे. आता दोन-चार लहान भोकं आणि मूत्रपिंड बाहेर काढण्यापुरती ओटीपोटावर एक चीर, एवढंच. तरी पहिले दोन दिवस सगळ्यांत जास्त ठणकला तो माझा खांदा! पोटात काम करायला जागा व्हावी म्हणून वायू भरतात. त्यातला थोडा मागे राहतो, श्वासपटलाला टोचतो, आणि तिथल्या मज्जातंतूचं नातं खांद्याशी असल्यामुळे कळ खांद्यात उठते. हे आधी ठाऊक असलं, की बाई घाबरत नाही.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. मी म्हटलं, "पोट फार दुखतंय हो." त्या म्हणाल्या, "ताई, आधी तुमच्या मुठी बघा." बघते तर दोन्ही मुठी करकचून आवळलेल्या! दातांवर दात, खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास अर्धवट. जखम पोटाला, पण लढाईला उभं सगळं अंग. दुखलं की अंग आवळतं, आवळलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की भीती वाटते, आणि भ्यालेलं अंग आणखी आवळतं. ही गाठ कुठूनतरी सैल करायची, एवढाच त्या व्यायामाचा अर्थ.

एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ साली यावर पुस्तकच लिहिलं. स्नायू आधी जाणूनबुजून आवळायचा, मग सोडून द्यायचा. म्हणजे सैल असणं कसं असतं ते अंगाला कळतं. आपल्याला हे अगदीच परकं नाही. शवासन आपल्याकडे जुनंच आहे, आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन देऊन त्यावरचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध केला होता.

मी करत होते ते असं. डॉक्टरांना विचारून कुणालाही करता येईल.

पाठीवर निजावं. गुडघ्यांखाली उशी घ्यावी, म्हणजे पोटावरचा ताण उतरतो. दिवा मंद, पंखा हलका. आधी श्वास. नाकानं सावकाश आत, आणि त्याहून सावकाश बाहेर. गरम दुधावर फुंकर घालतो ना, तसा ओठांतून सोडावा. असे पाच-सहा.

मग उजवी मूठ आवळावी, मनात पाच अंक मोजावे आणि एकदम सोडून द्यावी. वीस अंकांपर्यंत तो हात नुसता जड पडू द्यावा. मग डावी. मग खांदे कानांकडे उचलून सोडावे. मग कपाळाला आठ्या घालून सोडाव्या. डोळे घट्ट मिटून सैल करावे. शेवटी पायांची बोटं आवळून सोडावी. पोट आणि कंबर मात्र मुळीच आवळू नयेत. तिथं जखम आहे, तिथं नुसता श्वास पोचतोय एवढंच मनात धरावं. सगळं मिळून पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. एक फेरी रात्री निजण्यापूर्वी केली तर झोप लवकर लागते.

खोकला आला, की उशी पोटाशी घट्ट धरून मग खोकावं. उठताना सरळ उठू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांच्या जोरावर बसावं. आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून थोडं थोडं चालावं. मागे राहिलेला वायूही त्यानं लवकर जिरतो.

आता एक गोष्ट बजावून सांगते. हे व्यायाम गोळीच्या जागी नाहीत, गोळीच्या जोडीला आहेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यावी. कळ डोक्यात जाईपर्यंत थांबण्यात काही शौर्य नाही. पण घरातल्या डब्यातली, शेजारणीनं दिलेली वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि आपल्यापाशी आता एकच आहे. ताप आला, जखम लाल झाली किंवा वाहू लागली, लघवी कमी झाली, एकच पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावेत.

आणि मनातली भीती? "एकावर कसं निभेल माझं?" हा प्रश्न रात्री दोन वाजता हमखास येतो. १९५४ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला मूत्रपिंड दिलं. यशस्वी झालेलं ते पहिलं मूत्रपिंडरोपण. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले आणि २०१० साली, वयाच्या ७९व्या वर्षी वारले. राहिलेलं मूत्रपिंड हळूहळू जास्तीचं काम अंगावर घेतं. आपण फक्त दरवर्षी रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासून घ्यायची, ती मात्र न चुकता.

सगळ्यांत अवघड व्यायाम निराळाच असतो, तो म्हणजे पंधरा मिनिटं मिळवणं! घरी आल्यावर एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "परत निजलीस का गं?" मी म्हटलं, "निजले नाही आई, औषध घेतेय." त्यांना काय पटलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून त्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "हळू बोला, सूनबाईंचं औषध चाललंय." पाण्याची बादली आणि कुकर सहा आठवडे यजमानांनी उचलला. शाळेत बदली बाई मिळाल्या. एवढं झालं, म्हणून माझ्या मुठी सुटल्या.

आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच आहेत. आया देतात, बायका देतात, बहिणी देतात, आणि आठव्या दिवशी पोळ्या लाटायला उभ्या राहतात. तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या नात्यात, आळीत कुणी असं दान केलं, तर भेटायला जाताना फळांची पिशवी पेशंटला द्या हवी तर, पण खुर्ची तिच्या खाटेपाशी ओढा. तिला विचारा, "दुखतंय का गं?" संध्याकाळचा डबा न्या, मुलांना तासभर आपल्याकडे घेऊन या, आणि निघताना तिच्या खोलीचं दार हळूच ओढून घ्या.