प्रकाशाचा जमाखर्च

कौलारू घरांत दुपारच्या वेळीं जमिनीवर पडणारे कवडसे कोणीं पाहिले नाहींत? परंतु एक गोष्ट बहुधा आपल्या लक्षांत येत नाहीं. कौलांमधली फट वांकडीतिकडी असली, तरी खालीं जमिनीवर पडलेला कवडसा मात्र वाटोळा दिसतो. असें कां व्हावें? कारण कवडसा हें त्या फटीचें चित्र नव्हे. तें सूर्याचें चित्र आहे. २६ डिसेंबर २०१९ रोजीं सकाळीं आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दिसलें, तेव्हां आम्हीं आंब्याच्या झाडाखालीं जाऊन पाहिलें, तों पानांतून आलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. छायाचित्रणविद्येचा पहिला धडा निसर्ग आपणांस असा विनामूल्य देत असतो.

आज घरोघरीं मोबाईल आहे व त्यांत कॅमेरा आहे. तरी चित्र उमटतें कसें आणि बिघडतें कां, हें थोड्यांसच ठाऊक असतें. विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलमाणसांस तें थोडक्यांत सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे.

एका खोलीचीं दारेंखिडक्या बंद करून पूर्ण काळोख करावा. खिडकीस लावलेल्या पुठ्ठ्याला हरभऱ्याएवढें भोंक पाडावें. बाहेर लख्ख ऊन असेल, तर समोरच्या भिंतीवर बाहेरचें झाड उलटें उमटलेलें दिसेल. प्रकाश सरळ रेषेंत जातो; म्हणून झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण भोंकांतून खालीं उतरतो आणि बुंध्याकडून आलेला वर चढतो. सुमारें १,००० वर्षांपूर्वीं इब्न अल् हैथम या विद्वानानें अशा छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली, लहान केलेली.

या खोलींत एक अडचण आहे. भोंक लहान केलें तर चित्र रेखीव होतें पण अंधुक पडतें. मोठें केलें तर तें उजळतें पण पसरट होतें. भिंग ही अडचण दूर करतें. एका बिंदूपासून निघालेले पुष्कळ किरण गोळा करून तें पुन्हा एकाच बिंदूंत आणतें. त्यामुळें वाट रुंद असूनहि चित्र रेखीव राहतें. पण भिंग त्याचें मोल मागतें. एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु तें खरी रेखीव काढतें. तिच्या पुढचें व मागचें कमीअधिक पुसट होतें. येथूनच प्रकाशाचा जमाखर्च सुरू होतो.

नळाखालीं घागर भरावयाची आहे, असें समजा. तोटी पुरी सोडली तर ती लौकर भरते. बारीक धार ठेवली तर वेळ लागतो. घागरीऐवजीं तांब्या घेतला तर थोड्या पाण्यांतच काम होतें, परंतु तांब्याचें पाणी घरास पुरत नाहीं. कॅमेऱ्यांत तोटी म्हणजे भिंगाचें छिद्र, वेळ म्हणजे झडप अर्थात् शटर उघडें राहण्याचा काळ, आणि घागर कीं तांब्या हें ठरविणारी ती फिल्मची अथवा सेन्सरची प्रकाशग्राहकता. तिला आयएसओ म्हणतात.

छिद्राचा अंक काढण्याची रीत सोपी आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या रुंदीनें भागावें. ५० मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र २५ मिलिमीटर असेल तर अंक २, आणि १२.५ मिलिमीटर असेल तर ४. म्हणजे अंक मोठा तितकें छिद्र लहान. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमांत प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. छिद्र मोठें ठेवलें तर रेखीव दिसणारा पट्टा अरुंद होतो. लहान ठेवलें तर पुढचें मागचें दोन्ही स्पष्ट येतें. झडप १/६० ऐवजीं १/१२५ सेकंद उघडली तरीहि प्रकाश निम्मा होतो, परंतु धांवणारें मूल स्थिर उमटण्याचा संभव वाढतो. आयएसओ १०० चा २०० केला म्हणजे निम्मा प्रकाश पुरतो. पण तो फार चढविला तर चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे दाणे दिसूं लागतात.

काळ फार लांबविला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण फार जुनें आहे. १८३८ मध्यें दागेर यानें पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचें चित्र घेतलें. त्यास कित्येक मिनिटें लागलीं. गाड्याघोडे व पादचारी चित्रांत उमटलेच नाहींत. जोड्यांस पालिश करून घेत उभा असलेला एक मनुष्य तेवढा राहिला, कारण तो जागचा हलला नाहीं.

आमच्या आजोबांचें एकच छायाचित्र घरांत आहे. तें एका लग्नांत सायंकाळीं मांडवांत घेतलेलें. वधूवरांच्या मुंडावळ्यांचे मणी मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. आजोबा तिसऱ्या रांगेंत. त्यांची मुद्रा पुसट आहे, आणि कोणास तरी हांक मारण्यासाठीं उचललेला हात धुक्यासारखा विरून गेला आहे. ही विद्या थोडी शिकल्यावर त्या चित्राचा हिशेब आम्हांस कळला. मांडवांत प्रकाश थोडा. म्हणून छायाचित्रकारानें छिद्र मोठें केलें, त्याची किंमत मागच्या रांगेनें दिली. झडप सावकाश चालविली, त्याची किंमत त्या हातानें दिली. त्याला आम्ही दोष देत नाहीं. त्याला वधूवरांस राखावयाचें होतें, आणि त्यांस त्यानें राखलें. परंतु आजोबा हंसत कसे, हें आतां त्या चित्रास विचारून उपयोग नाहीं.

बहुतेक मोबाईलांत छिद्र लहानमोठें करतां येत नाहीं. काळ व आयएसओ यंत्रच ठरवितें. पण यंत्रास आपली आजी कोणती हें ठाऊक नसतें. म्हणून निवड आपण करावी. ज्याचा चेहरा राखावयाचा त्याच्यावर फोकस ठेवावा, त्यास उजेडाजवळ आणावें, आणि आपला हात भिंतीस टेकून स्थिर करावा. हातीं साधा कॅमेरा असेल, तर लख्ख उन्हांत छिद्राचा अंक १६, आयएसओ १०० आणि काळ सुमारें १/१०० सेकंद ठेवून आरंभ करावा.

प्रकाश ही परमेश्वराची देणगी. ती झोपडीस व वाड्यास सारखीच मिळते. पण एका क्षणीं आपल्या हातीं येते ती मोजकीच, आणि ती कोणासाठीं खर्चावी हें आपणांस ठरवावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, या सुटींत घरच्या सर्वांत वृद्ध माणसाला खिडकीपाशीं बसवा, क्षणभर बोलतें करा, आणि मग झडप उघडा.