तांबोशातली पावलं

दोडामार्गच्या बाजारात चहा घेतला आणि मित्राच्या स्कूटरवर मागे बसलो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तिलारीच्या बाजूला धुकं अजून रेंगाळत होतं. नाका ओलांडला की गोव्याचा डिचोली तालुका, लाटंबार्से गाव. गाड्यांच्या नंबरपाट्या बदलतात, डोंगर आणि काजूच्या बागा मात्र त्याच. याच डोंगरपट्ट्यातून सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार नावाचा तरुण हत्ती पेडणे तालुक्यात उतरला होता. आता तो सिंधुदुर्गात परतला होता. त्याने तुडवलेला मुलूख मला पायाखालून घालायचा होता.

आमच्या लहानपणी हत्ती म्हणजे सर्कस. २००२ साली कर्नाटकातल्या दांडेलीकडून रानहत्ती दोडामार्गात आले, तेव्हा लोकांनी नारळ ठेवून हात जोडले. तिकडचं रान धरणांनी, खाणींनी, रस्त्यांनी तुटत गेलं होतं. इकडे तिलारी धरणाचं बारमाही पाणी, आणि पाण्याभोवती केळी, माड, पोफळी. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. रानात तेवढ्यासाठी मैलोन्‌मैल चालावं लागतं. केळीच्या बागेत ते काम एका रात्रीत होतं.

लाटंबार्शाहून मागे वळून आम्ही पेडण्याकडे निघालो. इब्रामपूर, हणखणे, चांदेल. वाटेत तिलारीचा कालवा लागला. मी उतरून काठावर उभा राहिलो. दोन्ही बाजूंना काँक्रीटचा गुळगुळीत उतार, खाली जोरात वाहणारं पाणी. या पाण्यावर गोव्यातली शेती आणि घरं चालतात, हे खरं. पण तहानेने इथे उतरलेल्या जनावराला वर चढायला पाय रोवण्याइतकीही खाच नाही. आणि हा कालवा ज्या रानातून येतो, त्या रानाचे त्याने दोन तुकडे केले आहेत. पुढे मोपचा सडा. जानेवारी २०२३ पासून इथे विमानं उतरतात. कुंपणाच्या बाहेर एक म्हैस कान हलवत चरत होती.

पेडण्यातल्या तांबोशे गावाला पोचेपर्यंत ऊन चढलं. एका घराच्या अंगणात भात वाळत घातलेलं होतं. मावशी पायाने ते परतत होती. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर तिने पाय थांबवला.

"भात कापूंक आयिल्लें, आनी हो आयलो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

तिने मागच्या मळ्यात नेलं. बांधाच्या कडेला चिखल सुकून दगड झाला होता आणि त्यात पाऊल जसंच्या तसं उरलं होतं. पुढच्या पायाचा गोल ठसा, त्याच्यावर थोडा सरकून उमटलेला मागच्या पायाचा लांबट ठसा. मी मावशीकडून सुतळी मागून घेतली आणि गोल ठशाचा घेर मोजला. पुढच्या पायाच्या घेराच्या दुप्पट म्हणजे हत्तीची खांद्यापर्यंतची उंची, हा जाणकारांचा जुना हिशोब. सुतळी दुहेरी लांबीची करून घराच्या भिंतीला लावली, तर ती दाराच्या चौकटीच्या वर गेली. मावशी बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिली.

जवळच केळीची मोडलेली खुंटं होती. हत्ती केळ नुसती खात नाही, तो ती उभी चिरतो आणि आतला पांढरा गाभा ओढून घेतो. लहान माडाचा कोंबही तसाच उपटतो. कोंब गेला की माड गेला. नव्या रोपाला नारळ धरायला कितीतरी वर्षं लागतात, आणि भरपाईच्या कागदावर ती वर्षं कुठेच नसतात.

ओंकारला लोक 'वाट चुकलेला' म्हणतात. मला ते पटत नाही. हत्तींचा कळप म्हणजे माद्या आणि पिल्लं, मोठ्या मादीच्या अनुभवावर चालणारा. नर दहा-पंधरा वर्षांचा होताना कळपापासून सुटतो, एकटा हिंडतो, नवा मुलूख धुंडाळतो. हा पोर तेच करत होता. चूक त्याच्या वाटेत नाही. ती वाट आपण बागा, कालवे आणि सडकांनी चिरली आहे.

माणसाचं दुःखही तितकंच खरं आहे. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात काजूच्या बागेकडे निघालेला वयस्क शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला. त्या घरासमोर उभं राहून वन्यजीवांवर भाषण करायची माझी हिंमत नाही. पण पकडून नेणं हा उपाय आपण करून पाहिला आहे. २०१५ साली कुडाळच्या माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले, त्यातले दोन आंबेरीच्या तळावर मेले. ओंकारला पकडायचं प्रकरणही उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

वाट राखण्याचं काम मात्र रेंगाळलं आहे. २०२० साली तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्र झालं, साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं. हत्तीला ते परसाएवढंच आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचे आदेश दिले. तरीही दोडामार्गच्या डोंगरांत रबर आणि अननसाच्या लागवडी मी वाटेत पाहत आलो.

निघताना मावशीने सुतळी परत मागितली. वाल वेलीवर चढवायला तिला ती हवी होती.

पेडण्यात, डिचोलीत किंवा बांद्यात हत्ती आल्याचं कळलं, तर मोबाईल घेऊन त्याच्यामागे धावू नका. सुतळी बॉम्ब फेकू नका, भेदरलेला हत्ती समोर येईल त्याच्यावर धावतो. वनखात्याला कळवा, रात्री बागेत एकटे जाऊ नका. आणि ग्रामसभेत पुढच्या वेळी भरपाईचा विषय निघेल, तेव्हा हत्तीच्या वाटेचाही काढा.