वहीत नसलेली नोंद

व्यापारी घरात आजोबांच्या काळातली उधारीसुद्धा जुन्या वहीत सापडते. कोणाचे येणे बुडाले, कोणत्या पेढीशी व्यवहार केव्हा तुटला, सारे लिहिलेले असते. मात्र त्याच आजोबांचा एक डोळा कशाने गेला, किंवा आत्या ऐन तारुण्यात मेंदूच्या कोणत्या गाठीने दगावली, याची नोंद कोठेच नसते. घरात लग्नाचे मूल असेल तर तो विषय निघतही नाही. या मौनाची किंमत किती मोठी असू शकते, ते फोन हिप्पेल-लिंडाऊ नावाच्या दुर्मीळ आजारावरून कळते.

जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फोन हिप्पेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या गाठींचे वर्णन केले. १९२६ मध्ये स्वीडनच्या आर्विड लिंडाऊ यांनी दाखवून दिले, की डोळ्यातल्या या गाठी आणि लहान मेंदूतल्या गाठी ही एकाच रोगाची अंगे आहेत. सुमारे ३६,००० जन्मांमागे एखाद्या बालकात हा दोष असतो. आई किंवा वडील बाधित असतील, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

हाच रोग काही मुलांत प्रथम प्रकटतो तो उच्च रक्तदाबाच्या रूपाने. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत गाठ वाढते आणि तिच्यातून रक्तदाब चढविणारी संप्रेरके रक्तात उतरतात. मुलाचे डोके दुखते, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते. थोड्या वेळाने सारे शांत होते. घरची मंडळी म्हणतात, परीक्षेची धास्ती घेतली असेल, उन्हात खेळला असेल. रक्तदाब हा पन्नाशीनंतरचा पाहुणा, अशी आपली पक्की समजूत. म्हणून तो मोजलाच जात नाही. मोजला तरी मोठ्यांचा रुंद पट्टा लहान दंडाला बांधल्यास आकडा खोटाच कमी दिसतो. शिवाय लहान मुलाचा आकडा त्याचे वय, लिंग आणि उंची पाहूनच जोखावा लागतो. घामाने भिजलेल्या प्रत्येक मुलाला हा आजार नसतो, हेही बजावले पाहिजे. मुलांतील उच्च रक्तदाबामागे बहुधा मूत्रपिंडाचे विकार किंवा वाढलेले वजन असते. पण अशी गाठ ठाऊक नसताना एखाद्या साध्या शस्त्रक्रियेसाठी मुलाला भूल दिली, तर रक्तदाब एकाएकी भडकून जिवावर बेतू शकते.

या रोगाचे जनुक १९९३ मध्ये सापडले. बोस्टनचे विल्यम केलिन यांच्या संशोधनातून पुढे उलगडले, की ते बिघडले म्हणजे पेशींना प्राणवायू पुरेसा असूनही तो कमी पडल्याचा भास होतो. मग त्या नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करीत राहतात, आणि गाठी वाढतात. पेशी प्राणवायूचे प्रमाण कसे ओळखतात, या शोधासाठी केलिन यांना पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेंझा यांच्यासह २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका दुर्मीळ आजाराच्या वाटेने विज्ञान इतके दूर गेले.

घरच्यांच्या हाती त्यामानाने सोपी गोष्ट उरते. दृष्टिपटलावरील गाठ लहान असताना दुखत नाही, दिसण्यातही अडथळा आणीत नाही. त्याच वेळी तिला बहुधा लेझरने आटोक्यात आणता येते. वाढल्यावर तिच्यातून द्रव झिरपतो, पडदा सुटतो आणि दृष्टी जाते. म्हणून बाधित कुटुंबातील बाळाचे डोळे पहिल्या वर्षाच्या आतच तपासावेत, आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब मोजावा, अशी शिफारस आहे. पण कुटुंब बाधित आहे, हे डॉक्टरांना सांगणार कोण? सोयरीक मोडेल या भीतीने जी गोष्ट व्याह्यांपासून दडवली जाते, ती हळूहळू स्वतःच्या नातवंडांपासूनही दडते.

घरातल्या बाधित व्यक्तीचा जनुकदोष एकदा निश्चित झाला, की इतरांची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. ज्या मुलात तो दोष आढळत नाही, त्याची वर्षावर्षाच्या या तपासण्यांतून कायमची सुटका होते.