मंदसोर : पाटीवरच्या पेन्सिलीचे गाव

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना मंदसोर हे नाव परके नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी इंग्रजांशी तह झाला, तो याच गावी. ज्यांच्या नावाने तो तह झाला ते मल्हारराव होळकर त्या वेळी अवघे अकरा-बारा वर्षांचे होते. स्वातंत्र्यापर्यंत हे गाव शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. इतका निकटचा संबंध असूनही आपल्यापैकी बहुतेकांचे मंदसोर म्हणजे रतलामहून नीमचकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून दिसलेले एक स्थानक, एवढेच असते. आम्ही मात्र या खेपेस तेथे मुद्दाम उतरलो.

माघाचे दिवस होते. जावरा मागे पडले की रुळांच्या दोन्ही बाजूंस अफूची शेते दिसू लागतात आणि त्यांवरील पांढऱ्या फुलांनी डोळे निवतात. गावात शिवना नदीच्या काठी पशुपतिनाथाचे देवालय आहे. नदीच्या पात्रात सापडलेली ही भव्य अष्टमुखी मूर्ती पाहावी तितकी थोडीच. बाल्य, तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य या मनुष्याच्या चारही अवस्था त्या मुखांवर कोरल्या आहेत, असे तेथील लोक सांगतात. बाल्याला देवाच्या मुखांत वेगळे स्थान देणारी ही कल्पना आम्हांस फार आवडली.

या गावाचे जुने नाव दशपूर. येथे सापडलेला एक संस्कृत शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशमाचे विणकर येथे येऊन स्थायिक झाले, त्यांच्या श्रेणीने इ. स. ४३६ च्या सुमारास सूर्याचे मंदिर उभारले आणि पुढे इ. स. ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला, असा वृत्तान्त त्यात आहे. आपल्याच पूर्वजांप्रमाणे परमुलखात येऊन रुजलेली ही माणसे! शिलालेखातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. या विणकरांपैकी काहींनी मागाऐवजी धनुर्विद्या, ज्योतिष, कथाकथन असे निराळे मार्ग धरले होते. विणकराच्या घरी जन्मला म्हणून प्रत्येकाने मागावरच बसले पाहिजे, असे पंधराशे वर्षांपूर्वीच्या दशपुरातही नव्हते.

परंतु याच मंदसोरच्या परिसरात अलीकडच्या काळात अशीही घरे झाली, की जेथे मुलाला बापाच्या जागी बसण्यावाचून दुसरी वाट उरली नाही. ती घरे पाटीवरच्या पेन्सिलीने घडवली.

आपण सर्वांनीच ही करडी पेन्सिल हाताळली आहे. तिनेच पहिला ‘श्री’ गिरवला, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली. कित्येकांनी आईचा डोळा चुकवून ती चघळलीही असेल. मात्र ती येते कोठून, हे कोणी विचारले नाही. मंदसोरच्या आसपास थरांचा, मऊ जातीचा दगड निघतो. तो खणून काढायचा, विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीवर त्याच्या बारीक कांड्या कापायच्या, मग त्या निवडून खोक्यांत भरायच्या, असा हा धंदा. करवतीवर पुरुष बसत. निवडण्या-भरण्याच्या कामाला बायका आणि मुले असत. कोवळी पोरे करवतीपर्यंतही पोचत.

करवत फिरली की दगडाची भुकटी उडते. तिच्यात सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जाऊन रुततात आणि तेथील नाजूक जागा हळूहळू निबर होत जाते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. एकदा जडला की तो बरा करणारे औषध नाही. पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ क्षयही येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने येथील सुमारे ६०० कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांस हा रोग जडलेला होता.

गावाजवळच्या मुलतानपुऱ्यात या रोगाने अकाली विधवा झालेल्या स्त्रिया पुष्कळ. तेथे एका वयस्क बाईंनी आम्हांस ओसरीवर बसवून घेतले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्याने शेजारच्या गावची वाट सांगावी तसे त्या सांगत होत्या. घरधनी दोन वर्षे खोकत होता. दवापाण्यासाठी कर्ज झाले. तो गेला तेव्हा थोरला शाळेत जात होता; महिन्याभरात तो कामावर जाऊ लागला. “त्याला कोणी जा म्हटले नाही,” त्या म्हणाल्या, “पण घरात दुसरे होते कोण?”

वाचकहो, या एका प्रश्नात सगळे आले. गरीब आईबापांना मुलांच्या शिक्षणाची कदर नसते, असे आपण सहज बोलून जातो. येथे तसे नव्हते. ज्या कामाने बापाचा श्वास हिरावला त्याच कामाने मुलाची शाळाही हिरावली. बापाला भुकटीपासून वाचवले असते तर मुलगा आपोआप वर्गात राहिला असता.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. पाटी-पेन्सिल कामगारांच्या कल्याणनिधीसाठी मध्यप्रदेशने १९८२ साली स्वतंत्र कायदा केला. बालमजुरीविरोधी केंद्रीय कायदा १९८६ चा. १९८९ साली पाटीवरच्या पेन्सिलीचा धंदा, तिची खोकी भरण्याच्या कामासह, मुलांना वर्ज्य असलेल्या कामांच्या यादीत घातला गेला. १९८७ च्या राष्ट्रीय बालश्रम धोरणानुसार जे विशेष प्रकल्प निघाले त्यांतही मंदसोर होते. कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी अशा प्रकल्पांत खास शाळा, दुपारचे जेवण आणि थोडे विद्यावेतन अशी योजना होती. २०२१ पासून हे काम समग्र शिक्षा अभियानात विलीन झाले आहे. १० डिसेंबर १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ज्या धंद्यांची नावे घेतली त्यांतही मंदसोरचा हा धंदा होता. प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये भरावेत आणि मुलाच्या जागी घरातील मोठ्या माणसास काम मिळावे, असा तो आदेश होता.

या आदेशातील दुसरा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मुलाला कामावरून उठवणे हे अर्धे काम. घरातील मोठे माणूस धडधाकट असावे, त्याला पुरेसा मोबदला मिळावा आणि त्याच्या कामाच्या जागी हवा स्वच्छ असावी, हे उरलेले अर्धे. अंथरुणाला खिळलेल्या बापाला काम देऊ केले तर ते करणार कोण?

आज पाट्यांची जागा वह्यांनी घेतली आहे आणि हा धंदाही पुष्कळ ओसरला आहे. २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत कामास ठेवण्यास बंदी झाली आहे. शाळेची वेळ सोडून घरच्या, धोका नसलेल्या उद्योगात हातभार लावण्याची मुभा उरली. असे असूनही २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयाची एक कोटीहून अधिक मुले काम करताना आढळली होती. मंदसोरची करवत मंदावली म्हणून प्रश्न मिटला, असे मानू नये.

चहाच्या टपरीवर कपबशा विसळणारा, शेजाऱ्यांच्या घरी तान्हे मूल सांभाळणारी, अशी मुले आपल्याही आळीत असतात. घरकामाला आणि खाणावळीत चौदा वर्षांखालील मूल ठेवणे २००६ पासूनच बेकायदा आहे. असे मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवता येते. मात्र त्याबरोबर त्याच्या आईबापांची चौकशीही करावी. त्यांना काय झाले आहे, औषधोपचार मिळतो का, हाताला काम आहे का, हे विचारावे. त्यांना थोडा आधार मिळाला तर मूल पुन्हा कामावर जाण्याचे टळते.

येत्या दसऱ्याला ज्या घरांत पाटीपूजन होईल, तेथे मुलांना मंदसोरची ही हकिगत अवश्य सांगावी. हातातली पेन्सिल कोणाच्या श्रमाने तयार झाली, हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे.