मोती तलावाकाठचे आठ दिवस

आमच्या अक्काचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालो होतो. "सुट्टी लागली की निघून ये. भाच्याला चार शब्द सांग. तू प्राध्यापक आहेस, तुझं तो ऐकेल," असे म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा. प्राध्यापकाचे कोणी ऐकते, ही समजूत आता फक्त प्राध्यापकांच्या बहिणींपाशीच शिल्लक उरली आहे. तिला तडा जाऊ नये म्हणून मी मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात कोल्हापूरहून सावंतवाडीची एस. टी. पकडली.

प्रकरण असे होते. भाच्याने मेकॅनिकलच्या डिप्लोमातून दुसऱ्या वर्षी नाव काढून घेतले होते आणि चितार आळीतल्या एका कारागिराकडे लाकडी खेळणी करायला तो जाऊ लागला होता. भावोजींनी पस्तीस वर्षे वेंगुर्ले-मालवणच्या बंदरांत मच्छीमार बोटींची इंजिने बसवली, उघडली, दुरुस्त केली. पण हातात कागद नसल्यामुळे जन्मभर ते 'मिस्त्री'च राहिले. मुलाच्या हातात तो कागद यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. झाल्या प्रकारानंतर बापलेकांत आठ महिने शब्द नव्हता. मुलाला द्यायचे व्याख्यान मी गाडीतच मनाशी जुळवू लागलो.

पण आंबोलीचा घाट सुरू झाला की माणसाने व्याख्यान जुळवू नये. एकीकडे दरी, एकीकडे दाट झाडी, आणि दर वळणाला हवेतला ओलावा थोडा वाढत जातो. आजऱ्यापर्यंत 'काय करायलाईस?' असे विचारणारी गाडी दाणोलीला उतरली की 'खंय चललंस?' असे विचारू लागते. कुणाच्या तरी पिशवीतल्या फणसाचा वास साऱ्या गाडीभर पसरतो, आणि आपण कोकणात आलो हे कंडक्टरने सांगावे लागत नाही.

कोकण रेल्वेचे स्टेशन गावाबाहेर मळगावला आहे. रस्त्याने येणाऱ्याला मात्र सावंतवाडी आपला मोती तलाव लगेच दाखवते. गावाच्या ऐन मध्यावर एवढे पाणी, काठाला राजवाडा, आणि मागे नरेंद्र डोंगर. संध्याकाळी सारे गाव या काठाने फिरायला निघते. राजवाड्यात हाताने रंगवलेल्या गंजिफा पाहाव्यात. ही मरू घातलेली कला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली. तिथून चितार आळीत जावे. दुकानादुकानांतून लाकडाची केळी, लाकडाचे आंबे, लाकडाची वांगी मांडलेली. खऱ्या वांग्याला इतकी सुरेख चकाकी मी मंडईत कधी पाहिली नाही.

अक्काच्या घरी पोचलो तो पडवीच्या एका टोकाला भाचा आणि दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत भावोजी. मधल्या जागेत माझ्यासाठी पाट मांडलेला होता. तो तिथेच का मांडला, ते थोड्याच वेळात कळले.

भाच्यापुढे अडीच फूट लांबीची बोट होती. पाहताच ओळख पटली. तो पाच वर्षांचा असताना भावोजींनी ती पांगाऱ्याच्या लाकडात कोरली होती. खेळण्यांसाठी हेच हलके लाकूड इथे पूर्वापार वापरतात. "हिला इंजिन बसवून देईन," असे त्यांनी मुलाला कबूल केले होते. पण बंदरातल्या खऱ्या इंजिनांतून सवड मिळाली नाही आणि बोट पंधरा वर्षे माळ्यावर पडून राहिली. आता भाचा तिला रिमोटवर चालणारी करीत होता. मुंबईहून मागवलेली बारा व्होल्टची मोटर, एक पितळी नळी, तिच्यातून जाणारा चार मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट आणि तीन पात्यांचा पितळी पंखा, असा सरंजाम समोर होता. हे खूळ अलीकडचे असावे, अशी माझी समजूत. भाच्याने ती दूर केली. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत प्रदर्शनात तारेवाचून हुकूम पाळणारी बोट लोकांना दाखवली, आणि त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला तिचे पेटंटही त्याला मिळाले. एवढे तोंडपाठ असलेला मुलगा डिप्लोमा का सोडतो, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता; पण व्याख्यानाची वेळ झाली नव्हती.

त्याने मोटर आधीच बोटीत पक्की केली होती. मग तळाला भोक पाडून नळी आत घातली आणि शाफ्ट ओढूनताणून मोटरीला जोडला. दोहोंच्या मध्ये एक लवचिक सांधा होता. दोन टोके थोडी वाकडी असली तरी तो चालवून घेतो. बटण दाबताच बोटीतून अशी घरघर निघाली की मांजर पडवी सोडून गेले. अँपिअर मोजण्याचे यंत्र जोडले, तर पाण्याबाहेर, रिकामी फिरतानासुद्धा मोटर सव्वादोन अँपिअर वीज खात होती.

भावोजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत मला म्हणाले, "त्येका सांग, आधी शाफ्ट बसय, मगे मोटर."

"मामा, बाबांका सांग, सांधो त्येच्याचसाठी आसता," दहा हातांवरून भाचा म्हणाला.

दुभाष्याचे काम मला अगदीच नवे नव्हते. पण दोन्ही पक्षांना एकमेकांची भाषा चांगली येत असताना दुभाष्या लागतो, हा अनुभव नवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी मला मासळी आणायच्या निमित्ताने वेंगुर्ल्याला घेऊन गेले. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली होती. बंदर जुने, आणि भावोजींच्या ओळखीही जुन्या. ते मासळीकडे वळलेच नाहीत. डागडुजीसाठी काठावर ओढलेल्या एका बोटीच्या मागच्या बाजूला त्यांनी मला उभे केले आणि पंख्यावर हात ठेवून बोलू लागले.

त्यांचे म्हणणे मी माझ्या भाषेत सांगतो. शाफ्टची जागा आपण ठरवत नाही, पाणी ठरवते. पंखा पुरता बुडाला पाहिजे, आणि त्याची पाती तळाला घासता कामा नयेत. शाफ्ट होईल तितका आडवा हवा. तो उभा झाला तर बोट पुढे नेण्याऐवजी तिची मागची बाजू उचलण्यात जोर वाया जातो. इंजिन मात्र आपल्या हातातले, ते सरकवता येते. म्हणून शाफ्ट आधी, आणि इंजिनाने त्याच्या रेषेत यायचे. दोन्हींच्या तबकड्या समोरासमोर आणून त्यांच्यामधली फट पातळ पोलादी पात्याने, म्हणजे गेजने, चारी बाजूंनी सारखी आहे की नाही ते बघायचे. लवचिक सांधा वाकडेपण सोसतो खरा, पण मिटवत नाही. तो बिचारा आतल्या आत झिजत राहतो. आणि हे सारे काठावर जमले म्हणून भागत नाही. लाकडी बोट पाण्यात उतरली की तिचे अंग थोडे बदलते, म्हणून लाइन पाण्यात पुन्हा तपासायची.

मग त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. तो कापत होता. "ह्या हातात आता गेज रवणा नाय," ते म्हणाले आणि मासळीच्या बाजाराकडे चालू लागले.

मला शाफ्टातले काय कळते, हे त्यांना ठाऊक होते. तो धडा माझ्यासाठी नव्हता.

रात्री मी तो भाच्याला जसाच्या तसा, म्हणजे पुष्कळ चुकांसह, सांगितला. तबकड्यांना मी थाळ्या म्हटले, गेजला पट्टी म्हटले. तो हसला नाही. कापत्या हाताचे सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोटीकडे पाहत राहिला. मग उठून त्याने बसवलेली मोटर उखडून काढली.

पुढचे दोन दिवस मी त्याच्याजवळ बॅटरी धरून बसलो. त्याने तळाचे भोक गोल कानशीने लांबट केले आणि नळी आडवी झोपवली. तिचे आतले टोक मात्र पाण्याच्या पातळीच्या वर राहील, असे पाहिले. सांध्याच्या जागी पितळेचा एक सरळ तुकडा घातला. त्याच्या एका टोकात शाफ्ट, दुसऱ्यात मोटरीचा दांडा. आता मोटरीला वाकडे बसायची सोयच उरली नाही. ती जिथे आपणहून टेकली, तिथे खाली लाकडी ठोकळे बसवून सारे अ‍ॅराल्डाइटने चिकटवले आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी पितळेचा तुकडा काढून सांधा घातला. पंखा पुढे जोर करताना शाफ्टला आत रेटतो. तो रेटा मोटरीवर न जाता नळीच्या तोंडावर थांबावा म्हणून मागे वॉशर आणि नट लावला. बटण दाबले. पाऊण अँपिअर! घरघर गेली, फक्त बारीकशी टिकटिक राहिली.

तेवढ्यात भावोजी उठले. त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याची मूठ कानाला लावली आणि टोक नळीवर टेकवले. बंदरात इंजिनाच्या पोटातले ते असेच ऐकत. पण हात कापत असल्यामुळे टोक नळीवर ठरेना. भाच्याने काही न बोलता दोन बोटांनी ते टोक धरले आणि नळीवर स्थिर ठेवले. भावोजींनी डोळे मिटले.

"आतल्या टोकाक घासता. गिरीस भरलंस काय?"

मी सवयीने निरोप पोचवायला तोंड उघडले, तर माझी गरजच नव्हती.

"भरलंय."

"पुरता नाय. परत भर."

"भरतंय, बाबा."

स्वयंपाकघराच्या दारात अक्का हातात उलथने घेऊन उभी होती. तव्यावरचे घावन करपले, आणि त्या दिवशी ते आम्ही कोणीही नाव न ठेवता खाल्ले.

आठव्या दिवशी संध्याकाळी बोट मोती तलावात सोडली. काठावर पंधरा-वीस मुले जमली. बोट राजवाड्याच्या दिशेने सरळ गेली, वळली, मागे पाण्यावर एक लांब रेघ ओढीत परत आली. झाकण काढून पाहिले; आत चमचाभरही पाणी नव्हते. भावोजींनी तोंडभर कौतुक केले असेल, असे वाचकांना वाटेल. त्यांनी फक्त म्हटले, "लाइन परत बघूक व्हयी."

घरी येताना अक्काने विचारले, "सांगितलेस का रे त्याला चार शब्द?" मी सांगितले होते; पण ते माझे नव्हते. जुळवलेले व्याख्यान मी जसेच्या तसे आंबोलीचा घाट चढवून परत नेले.

भाचा अजून डिप्लोमाला परत गेलेला नाही. भावोजींना ते अजून पटलेले नाही, आणि मलाही त्यांची काळजी अवाजवी वाटत नाही. परवा मी फोन केला, तेव्हा मागे मोठ्याने वाद चालला होता. बोटीचे सुकाणू लहान पडते की मोठे, यावर बापलेक भांडत होते. मी दोनदा "हॅलो, हॅलो" केले. माझ्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मी समाधानाने फोन खाली ठेवला.