मुठीचा डबा

आम्ही चुलत-आते भावंडं नाताळाला जमलो, की आजी-आजोबांच्या पिढीचे किस्से निघतात. बहुतेक त्यांच्या कडकपणाचे असतात. रविवारी सुईत दोरा ओवायचा नाही, घरात पत्ते आणायचे नाहीत, सिनेमाचं नाव काढायचं नाही. पाहुणा असो की परीक्षा, संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी सतरंजीवर हजर. आजोबांची प्रार्थना लांबलचक. गावातले आजारी, परगावी गेलेली मुलं, पंडित नेहरू, नुकतीच व्यायलेली गाय, सगळे तिच्यात यायचे. तोवर आमच्यातलं एखादं मान खाली घालूनच झोपलेलं असायचं.

हसून झालं की बोलणं मुठीच्या डब्यावर येतं. दळण काढायला बसली, की आजी सुपातली एक मूठ आधी डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची. ती मूठ मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची. रविवारी डबा देवळात जायचा, त्या धान्याचे पैसे व्हायचे आणि ते पाळकांच्या पगाराला किंवा कुणा विधवेच्या औषधाला लागायचे. दळण झाल्यावर उरलं तर टाकू, हे तिला मान्य नव्हतं. मूठ आधी, मग घरचं दळण.

या मुठीला एक मागची गोष्ट आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये तिथूनच निघालं. आमचं घराणं मात्र फार उशिरा, भुकेच्या वाटेनं आत आलं. 1899-1900 च्या दुष्काळानंतर मिशनच्या अनाथगृहांत जी पोरं आली, त्यांतले एक आमचे पणजोबा. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासून घराच्या मागे लागला, तो आमच्या शाळेपर्यंत. टोमणा अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण महार-मांगांच्या वस्तीत अन्न, पाटी आणि माणूस म्हणून वागणूक एकाच दारातून आली, तर त्यातलं आधी कोणतं आलं याचा हिशेब कोण ठेवणार?

कवी नारायण वामन टिळकांना कुणी पोटार्थी म्हटलं नाही. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं घर मोडलं, नातलग तुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्याच विश्वासात आल्या, पण त्याआधीची वर्षं त्यांनी कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. आमच्या घरात टिळकांची भजनं पेटीवर रोज व्हायची आणि आजोबा त्यांचं नाव वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेत. तरी मला नेहमी वाटतं, टिळकांनी टाकलं ते जगाला दिसलं, कारण टाकण्याजोगं त्यांच्यापाशी होतं. पणजोबांकडे ना घर होतं, ना नातलग. त्यांच्या निष्ठेला दाखवायला जागाच नव्हती. ती पुढच्या पिढीनं या डब्यात दाखवली.

बहात्तरचा दुष्काळ आम्हा थोरल्या भावंडांना चांगला आठवतो. आई आणि काका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आम्हा पोरांना सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी धड थापली जात नसे आणि घशाखाली उतरत नसे. त्या वर्षी पाळकसाहेबांनीच उपासनेत सांगितलं, यंदा मुठीचं धान्य राहू द्या, देव समजून घेईल. आजीनं ऐकलं आणि घरी येऊन मूठ काढली. काका चिडून म्हणाले, “आई, ही जनावराला घालायची ज्वारी देवाला चालती का?” आजी म्हणाली, “आपल्याला चालती ना? मंग त्यालाबी चालंल.”

याच माणसांना देण्यात मजाही वाटायची, हे सांगायचं राहून जातं. हंगामाच्या सणाला देवळात वेदीपुढे कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी यांचा ढीग लागायचा आणि उपासनेनंतर लिलाव. एकानं बोली लावून भोपळा घ्यायचा, पैसे मोजायचे आणि भोपळा पुन्हा लिलावाला ठेवायचा. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जायचा. बोली लावण्यात आजोबांना जो चेव चढायचा, तो पाहून आजी पदराआड हसायची आणि घरी आल्यावर तेल-मिठाचे पैसे कुठून आणणार म्हणून भांडायची.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजून एकमत होत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींत फक्त हिंदूंना धरलं. पुढे 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. काकांना हायस्कुलात घालताना गुरुजींनी आपुलकीनं सुचवलं होतं, कागदावर जुनी जात आणि हिंदू लिहा, पोराला शिष्यवृत्ती मिळेल. देवळात जायला कोण अडवतंय? अनेकांनी तसं लिहिलं आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आजोबांनी ‘ख्रिस्ती’ लिहिलं. काकांच्या फीसाठी गाय विकावी लागली आणि मॅट्रिकनंतर तेवढंही जमलं नाही. आत्या अजून अभिमानानं ही हकिकत सांगते. काका एवढंच म्हणतात, “लिहिलं आण्णांनी, फेडलं मी.” मला दोघांचंही पटतं. पूर्ण मनानं वाहून घेतलेला माणूस घरातल्या बाकीच्यांना विचारत नाही. तेव्हाही विचारलं नव्हतं.

‘पोटासाठी बाटले’ या टोमण्याला मात्र आमच्याकडे कुणी तोंडानं उत्तर दिल्याचं आठवत नाही. आजोबा मंडळीचे खजिनदार होते. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या काकांच्या माळ्यावर आहेत. त्यात घरोघरच्या मुठीच्या धान्याची रक्कम नावानिशी लिहिलेली आहे, बहात्तरचीसुद्धा. ज्यांना गाव पोटार्थी म्हणत होतं, तीच ही नावं.

हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे अहवाल आणि पत्रं हार्वर्ड विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. परदेशातून काय आलं ते त्यांत सापडेल. इथल्या माणसांनी आपल्या ताटातून काय काढून दिलं, ते मात्र मंडळ्यांच्या अशा वह्यांतच आहे. नगर, राहुरी, शेवगाव, वडाळ्याकडच्या जुन्या घरांत त्या असतील, तर रद्दीवाल्याला देऊ नका. निदान पानांचे फोटो काढून ठेवा आणि नावं मुलांना वाचून दाखवा.